दोन कोटी मार्कांच्या पाटल्या

पालघर,
२१ जून १९६६

चि. चंद्रेस अनेक आशीर्वाद.

टिच्च. नाना नोट कानाशी धरून तिला टिचकी मारायचे, तो हा आवाज. लक्ष्मीपूजनाला पत्र्याची पेटी उघडायची, एकेक जर्मन नोट बाहेर निघायची आणि नाना ती आम्हा पोरांच्या कानाशी नेऊन म्हणायचे, "ऐका, कसा खणखणीत कागद आहे. असला कागद खोटं बोलत नाही." तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची, परकर सावरत रांगेत उभी असायचीस. मी मॅट्रिक झालेला, म्हणजे न हसण्याच्या वयाचा. पुढे छत्तीस वर्षं शाळेत कविता शिकवल्या, पण त्या टिचकीइतका बरोबर पडलेला ताल मला एकाही वृत्तात सापडला नाही.

आज ती आठवायला सरकार कारण झालं. या महिन्यात रुपयाचं अवमूल्यन केल्यापासून पालघरच्या बाजारात जो तो घरात कोणी गेल्यासारखा बसलाय. मी मात्र पेटीवर हात ठेवून शांत आहे. सदतीस नोटा. सगळ्यात लहान हजार मार्कांची, सगळ्यात मोठी दहा कोटींची. एवढी माया ज्याच्या घरात, त्याने पिशवी घेऊन रेशनच्या मिलोसाठी, त्या लाल अमेरिकन ज्वारीसाठी, उभं राहावं, ही देवाची काव्यदृष्टी.

मास्तराला उजळणीची खोड असते, म्हणून तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगतो. बावीस साली मार्क पडला. नाना म्हणाले, विड्याचं पान श्रावणात पडतं आणि माघात चढतं. उभा जन्म पानवेलींत गेलेल्या माणसाला पडलेला भाव दिसला की राहवत नाही. मुंबईच्या दलालाकडून त्यांनी मार्क घेतले. मार्क आणखी पडला, त्यांनी आणखी घेतले. जवळचे पैसे संपले तेव्हा विधवा बहिणीने, म्हणजे तुझ्या आईने, सांभाळायला दिलेल्या चार पाटल्या मोडल्या. जर्मनीत माघ काही उजाडला नाही. तेव्हापासून निम्मं गाव नानांना वेडा म्हणतं आणि निम्मं चोर. मी मुलगा, त्यामुळे मला दोन्ही ऐकू येतं.

आता मुद्दा. सातपाटीची पारू बोंबलांची पाटी घेऊन तुमच्या बोईसरच्या बाजारात बसते. तिने बातमी आणली की अणुवीज केंद्राच्या कामावर एक जर्मन साहेब आलाय, क्रेन जोडायला, आणि त्याला जुन्या नोटांचा नाद आहे. त्याच्याकडून आपल्या नोटांची किंमत काढून घे. पैशांसाठी नव्हे. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी सहाशे रुपये पोस्टात टाकलेत, डॉक्टरांनी दिवाळीनंतर बोलावलंय, माझं भागतंय. मला फक्त एक चिठ्ठी हवी: नाना वेडे नव्हते आणि चोरही नव्हते. खाली साहेबाची सही असली तर गाव वाचेल तरी.

तुझा
कमळूदादा


तारापूर,
२८ जून १९६६

कमळूदादास साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, म्हणून साष्टांग कागदावरच.

तुझं पत्र सुनेने, हंसाने, मला वाचून दाखवलं, आणि मग विचारलं, आई, आपण एवढे श्रीमंत, तर तांदळातले खडे आता कोणी निवडायचे? मी म्हटलं, जर्मनीहून बाई येईपर्यंत तूच निवड.

मी रांगेत उभी असायचे हे खरं. पण तुला टिचकी आठवते, मला दुसरंच आठवतं. लग्नात मी पितळेच्या पाटल्या घालून उभी होते आणि नानामामा माझ्या सासऱ्यांना सांगत होते, पोरीचे दोन कोटी माझ्याकडे ठेवलेत, काळजी नको. सासरे भले माणूस. ते कधी टोचून बोलले नाहीत. फक्त मरेपर्यंत मला "कोट्यधीश, पाणी आण" अशी हाक मारली.

तुझा साहेब खरा आहे. त्याचा खानसामा नवशा बेटेगावचा. वांगी-अंडी न्यायला माझ्याकडे येतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाय, त्याचा नाद इचारू नको. जेवन थंड व्हतं तरी भिंग डोल्याला लावून कागद बघत बसतो." साहेबाला मराठी येत नाही, नवशाला जर्मन येत नाही. दोघं हिंदीत बोलतात, आणि हिंदीही दोघांना येत नाही, त्यामुळे भांडण कधी होत नाही.

तर पाठव नोटा. मात्र जरा नीट करून पाठव. चाळीस दिवाळ्या हळदकुंकू खाल्लेला माल साहेबापुढे तसाच नको. आणि डोळ्याचे पैसे डोळ्यालाच ठेव, एवढं ऐक.

तुझी
चंद्रकांता


पालघर,
९ जुलै १९६६

चि. चंद्रेस आशीर्वाद.

तुझी सूचना शिरसावंद्य मानून तीन दिवस खपलो. नोटा रिठ्याच्या पाण्यात धुतल्या. हळद निघेना तिथे लिंबू चोळलं. मग माजघरात दोरी बांधून, चिमटे लावून वाळत घातल्या. शेजारच्या नर्मदाकाकू विरजण मागायला आल्या होत्या, त्या दहा कोटींखालून वाकून गेल्या आणि येताना पदर डोक्यावर घेऊन आल्या. लक्ष्मी धुवायची नसते, असं म्हणाल्या. मी म्हटलं, ही परदेशी आहे, हिला आंघोळीची सवय असते.

त्यानंतर कोळशाच्या इस्त्रीने एकेक नोट सरळ केली. आणि शेवटी नानांची पानाची कात्री काढली. तुला आठवत असेल, पानाची कड काळवंडली की ते बाजारात चालत नाही, म्हणून करंडी भरताना नाना प्रत्येक पानाची कड उतरवीत. नोटांनाही दर दिवाळीला त्यांनी तेच केलं. हात सवयीचा, पान काय आणि मार्क काय. यंदा मी केलं. आता प्रत्येक नोट अशी टवटवीत दिसते की चुना लावून तोंडात घालावी. आकार थोडा उतरलाय, पण शून्य एकही कापलेलं नाही. मोजून पाहिलीत.

केळीच्या पानात गुंडाळून पुडकं पारूच्या पाटीत, बोंबलांच्या वर ठेवलंय. टपालावर पावसाळ्यात माझा विश्वास नाही. पारू म्हणाली, "मास्तर, काय हाय यात?" मी म्हटलं, चाळीस कोटी. म्हणाली, "मंग अर्दा कोटी भाडं काढ." आठ आण्यांवर तुटलं.

मुलांना गलबताची कविता शिकवताना मला नेहमी वाटायचं, नानांचं गलबत कुठेतरी निघालंय, वारा तेवढा पडलाय. आज पाटी उचलून पारू स्टेशनाकडे निघाली तेव्हा मी दारात उभा राहून पाहत होतो. डोळ्यांना ती चिंचेपर्यंतच दिसली. पुढचं मी मनाने पाहिलं.

तुझा
कमळूदादा


तारापूर,
२४ जुलै १९६६

कमळूदादास नमस्कार.

नोटा पोचल्या. त्यांच्या आधी वास पोचला. उत्तराला उशीर झाला कारण साहेबाला सवड नव्हती, आणि अधिक महिन्यात मलाही उपासतापास असतात, निदान हंसाला मी तसं सांगते.

परवा नवशा मला केंद्राच्या वसाहतीत घेऊन गेला. साहेब ताडासारखा उंच, उकडलेल्या कोळंबीसारखा लाल, बोलायला मऊ. मला खुर्ची दिली, बिस्किटं दिली. मग नोटा टेबलावर मांडून, भिंग लावून तो पाऊण तास बघत राहिला. मी सगळी बिस्किटं संपवली. शेवटी त्याने दोन्ही हात डोक्याला लावले आणि तो आपल्या भाषेत बराच वेळ बोलला. नवशाने मला सांगितलं, "बाय, सायेब बोलतो, असं त्यानं जल्मात नाय बघितलं."

पुढचं थोडक्यात लिहिते. साहेबाने सगळ्या नोटा ठेवून घेतल्या आणि तीनशे रुपये दिले. ते मी आईच्या पाटल्यांपोटी ठेवले, तुला पाठवत नाही. हिशेब मिटला. नानामामा वेडे नव्हते आणि चोर नव्हते, हे मी लिहून देते. साहेबाची सही कशाला, ती कुणाला वाचता येणार?

हा विषय इथे पुरा कर आणि मोतीबिंदूचं बघ. तुझी अक्षरं ओळ सोडून उमरोळी स्टेशनाकडे चालली आहेत.

तुझी
चंद्रकांता


पालघर,
३ ऑगस्ट १९६६

चि. चंद्रेस अनेकानेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचनालयाच्या ओट्यावर मोठ्याने वाचलं. लोकांच्या आग्रहावरून दुसऱ्यांदा वाचलं. आग्रह कोणी केला असं विचारू नकोस. वेडा म्हणणारं निम्मं गाव गप्प आहे. चोर म्हणणारं निम्मं विचारतंय की साहेब जुने कंदील घेतो का. त्याच भरात दोन ओळी सुचल्या:

हसले जे जे पाहुनि पेटी, पुसतो त्यांना आज
जर्मन राजा पाया पडतो, कोठे तुमची लाज?

आता खरी बातमी. बन्सीला तू ओळखतेस, किराणावाल्याचा नातू. त्याच्या आजोबांनी नानांच्याच नादाने मार्क घेतले होते. दोनशे नोटा ट्रंकेत पडून आहेत. गेल्या महिन्यापर्यंत बन्सी त्यांत जिरं-मोहरी बांधणार होता, तुझं पत्र ऐकलं आणि तीन रुपये नोट म्हणू लागला. मी घासाघीस केली नाही. तीनने घ्यायच्या, साहेबाला आठने द्यायच्या, हे गणित तिसरीतलं आहे. सदतीस नोटांचे तीनशे, म्हणजे नोटेला आठ पडलेच ना?

तू म्हणशील, सहाशे कुठून? पोस्टातून. चंद्रे, तीनशेत चार पाटल्या होत नाहीत. सोन्याचा भाव मलाही कळतो. चारही पाटल्या मी माझ्या हाताने तुझ्या हातात घालीन, तेव्हा नानांचा हिशेब मिटेल, पत्रात लिहून मिटणार नाही. डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू. डॉक्टर म्हणतात थांबलात तर तो डोळा जाईल. डॉक्टर पानवेलींतले नाहीत, त्यांना थांबण्यातला नफा काय कळणार?

पारूलाही सांगून ठेवलंय: बोईसर, सरावली, जिथे पाटी उतरेल तिथे आरोळी दे की पालघरचे मास्तर जर्मन नोट तीन रुपयांनी घेतात. माल कुठे दडला असेल सांगता येत नाही.

तुझा
कमळूदादा


तारापूर,
८ ऑगस्ट १९६६

कमळूदादा,

नमस्कार नंतर. बन्सीला एक पैसा देऊ नकोस.

साहेबाने तीनशे दिले नाहीत. तीनही दिले नाहीत. मी खोटं लिहिलं.

त्याने डोक्याला हात लावले ते तुझी कात्री बघून. नवशाने आणि त्याने मिळून मला जे समजावलं ते असं: त्यांच्याकडे तेव्हा नोटा पोत्यांनी छापल्या. त्यामुळे जिच्यावर शून्यं जास्त, ती जास्त मौल्यवान, असं काही नसतं. किंमत येते ती थोड्या उरलेल्या नोटेला, आणि तीही कोरी असली तर, घडी नाही, डाग नाही, चारही कडा शाबूत. आपल्या सदतीस कोऱ्या असत्या तरी सगळ्यांची मिळून एका बऱ्या पापलेटाची किंमत आली असती. धुतलेली, इस्त्री केलेली आणि कड कापलेली नोट म्हणजे शेंडी काढलेला नारळ. देवालाही चालत नाही. नोटा साहेबाकडेच राहिल्या, कारण त्या उचलताना मला तुझं तोंड आठवलं आणि हात पुढे होईना. आणि जर्मन राजा पाया काय पडतो, तो अठरा सालीच पळून गेला, हेही नवशाने साहेबाला विचारून सांगितलं.

खोटं का लिहिलं विचारशील. आई गेली त्या वर्षी एकदा मला म्हणाली होती, "पाटल्या नानाने मोडल्या नाहीत गं. मीच काढून दिल्या. मलाही वाटलं होतं माघात चढेल." हे मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. पितळेच्या पाटल्या घालून उभं राहिलेल्या बाईला मामाला चोर म्हणण्यात एक सुख असतं, ते सोडवत नव्हतं. तुझं पत्र आलं, त्यात एक चिठ्ठी मागितली होतीस. खरं लिहायचं तर माझी अठ्ठावीस वर्षं लिहावी लागली असती. तीनशे रुपये लिहायला सोपे गेले.

तेव्हा आता घे चिठ्ठी. नानामामा चोर नव्हते. वेडे होते, पण एकटे नव्हते. आई होती त्यांच्याबरोबर.

मला पाटल्या नकोत. या हातात आता मावणारही नाहीत. तुझा डोळा शाबूत राहू दे.

चंद्रकांता


पालघर,
रविवार, १४ ऑगस्ट १९६६

चि. चंद्रेस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आत्याने पाटल्या स्वतः काढून दिल्या हे वाचून मी ओट्यावर जाऊन बसलो. चहा गार झाला, नर्मदाकाकूंनी दुसरा दिला, तोही गार झाला. चव्वेचाळीस वर्षं मी बाजारातून मान खाली घालून जातो, ते आठवलं. हे तू आधी सांगायला हवं होतंस. पण मीही तुला कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची.

तेवढं मी खरं मानतो. बाकीचं मानत नाही.

रागावू नकोस. तू कितीही तारापूरची झालीस तरी आमच्या पानवाडीतच वाढलेली पोर. माल उचलायचा असला की आधी भाव पाडायचा, हे मी नानांच्या मांडीवर बसून शिकलो आणि तू पलीकडच्या मांडीवर. साहेबाने आणखी नोटा मागितल्या असणार. बन्सीची ट्रंक तुला तिथूनच दिसली असणार, आणि म्हातारा उगाच दगदग करील म्हणून तू आपणच घ्यायचं ठरवलं असणार. मायेचा भाग आहे, मला कळतं. पण "असं जल्मात बघितलं नाही" हे नवशाचे शब्द तूच लिहून पाठवलेस. आता त्यांचा अर्थ फिरवतेस? अन्वयार्थ मी आयुष्यभर शिकवला आहे, चंद्रे. मला नको शिकवूस.

आणि खोटं तरी मी कुठलं समजू? आधीच्या पत्रातलं, की या पत्रातलं? दोन्ही तुझ्याच अक्षरात आहेत. त्यातल्या त्यात आधीचं अक्षर जास्त स्थिर होतं.

काल पोस्टातून सहाशे काढले. पोस्टमास्तरांनी विचारलं, डोळ्याचं ठरलं वाटतं? मी म्हटलं, हो, उघडायचं ठरलं. पैसे इथे टेबलावर शाळेच्या जुन्या दगडी पाटीखाली ठेवलेत. बन्सी चारला ट्रंक घेऊन येतो. पावणेचार झालेत. एकदा ट्रंक घरात आली की पुढच्या रविवारी मीच येतो तारापूरला, साहेबापुढे उभा राहतो, तू फक्त नवशाला बोलावून ठेव.

बाहेर जीप थांबल्यासारखी वाटते. बन्सीने जीप केली की काय? हातात पडण्याआधीच उधळायला लागला. थांब, बघून येतो.

बन्सी नाही.

पाहुण्यांना ओट्यावर बसवून, पाणी देऊन, आत येऊन हे लिहितोय. दार उघडलं तर चौकटीला कपाळ आपटून कोणीतरी खाली वाकलं. ताडासारखा उंच, लाल. तू लिहिलं होतंस तितका लाल नाही, पण कोळंबी मीच नीट उकडलेली पाहिली नसेल. मागे एक माणूस, डोक्यावर लाकडी पेटी, दुसरी जीपमध्ये. त्याने आपलं नाव नवशा सांगितलं. साहेबाने हात जोडले आणि आधी एक जाड पाकीट माझ्या हातात ठेवलं. बायच्या नोटा राहिल्या होत्या, त्या परत, असं नवशा म्हणाला. मी तिथेच मोजल्या. सदतीस.

आत येऊन सहाशे रुपये पाटीखालून काढून बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि वर गुंडी लावली. तेवढ्यात नवशाने ओट्यावर पेटी उतरवून झाकण उघडलंही. कोऱ्या जर्मन नोटा, पुडक्यांवर पुडकी, काठोकाठ. आता तो दारातून मला हाक मारतोय:

"मास्तर, पारू बाजारात वरडते, तुमी तीन रुपयानं घेता. सायबाकडं वसाहतीत असल्या नोटांचा ढीग पडलाय. तो इचारतो, सगल्या घेनार, का निवडून?"